आधी शिवार, मग पडदा : वर्ध्यातल्या नकाशा-शिक्षणाचा मागोवा

संगणकावर नकाशा करायला बसले की सॉफ्टवेअर सुरुवातीलाच निर्देशक प्रणाली विचारते आणि नावांची एक लांबलचक यादी पुढे ठेवते. शिकणारा शेजाऱ्याने सांगितलेले ‘डब्ल्यूजीएस ८४’ निवडतो आणि पुढच्या बटणाकडे वळतो. त्याच यादीत ‘एव्हरेस्ट १८३०’ असेही एक नाव असते. शिकवणीत त्यावर सहसा कुणी थांबत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने मात्र थांबावे. कारण त्या नावामागे जी मोजणी आहे, ती सुरू करणारा आणि वीस वर्षे पुढे नेणारा माणूस हिंगणघाटात पुरलेला आहे.

विल्यम लॅम्बटन त्याचे नाव. १८०२ साली त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांची माळ गुंफायला घेतली. १८१८ पासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकत हे काम वऱ्हाडापर्यंत पोचले. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने काम पुढे नेले आणि त्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे माप निघाले, तेच ‘एव्हरेस्ट १८३०’ म्हणून आजही संगणकाच्या यादीत बसले आहे.

नकाशा कसा शिकवावा, या प्रश्नाच्या दृष्टीने लॅम्बटनच्या आयुष्यातला १८०८ चा एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे मोठे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर ते दोरांनी चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि ज्या वर्तुळावर अंश कोरलेले होते, तेच वाकडे झाले. नवे यंत्र इंग्लंडहून यायचे म्हणजे वर्ष-दोन वर्षांची गोष्ट. लॅम्बटनने तंबूत बसून, सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखले, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून धातूची कड इंच इंच ओढत त्या वर्तुळावर आणली. सहा आठवड्यांत यंत्र पुन्हा कामाला लागले. त्याला हे जमले, कारण त्या यंत्रात नेमके काय सरळ असायला हवे आणि काय थोडे वाकडे चालेल, हे त्याला ठाऊक होते. यंत्र केवळ वापरायला शिकलेला माणूस त्या दिवशी हात जोडून बसला असता.

त्याच्या हाताखालची मुलेही अशाच शिक्षणातून आली होती. १७९४ मध्ये मायकेल टॉपिंगने मद्रासच्या वेधशाळेला जोडून मोजणीची शाळा काढली होती. तिथे कोवळ्या वयाची मुले आधी गणित शिकत आणि मग खांद्यावर साखळी घेऊन शेताबांधावर जात. लॅम्बटनचा जोशुआ डी पेनिंग हा मदतनीस याच शाळेतला. या मागोव्यात ही शाळा महत्त्वाची आहे, कारण या देशात नकाशाचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते अशा क्रमाने: आधी कल्पना, मग मैदान, मग यंत्र.

त्या शिक्षणातली मुख्य कल्पना कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या आवारात अर्ध्या तासात समजावता येते. दोन मुले ठरावीक अंतरावर उभी करावीत. दोघांनी दूरच्या एकाच कडुलिंबाकडे काठी रोखावी. दोघांमधले अंतर आणि दोन्ही काठ्यांचे कोन कळले, की कडुलिंबापाशी न जाता त्याचे अंतर कागदावर निघते. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण. एक अंतर अतिशय काळजीने मोजायचे, बाकी सारे कोनांवर सोडायचे, आणि मोठा सांगाडा आधी पक्का करून आतला तपशील मागून भरायचा. पूर्णाकडून भागाकडे जायचे, हा मोजणीचा पहिला नियम. उपग्रह आले तरी तो मोडलेला नाही.

इंग्रजांच्या आधी इथे मोजणी नव्हती असे कुणी समजू नये. शिवशाहीत पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा बिघा होता, एकशेवीस बिघ्यांचा चावर होता. क्षेत्र मोजायची पद्धत होती, शिवेचे दगड होते, शिवेवरून भांडणारी आणि साक्ष देणारी माणसे होती. मात्र ही मोजणी आकड्यांत राहायची. शेताचा आकार कागदावर उतरवून तो पिढ्यान्‌पिढ्या दप्तरात ठेवणे, हे नंतरचे.

वर्ध्यात ते आले जमीन-महसुलाच्या बंदोबस्तातून. १८६२ मध्ये नागपूरपासून हा जिल्हा वेगळा केला. मुख्यालय आधी पुलगावजवळ कवठ्याला होते, १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलवले, आणि तेच आजचे वर्धा शहर. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी झाली. नदीच्या अलीकडे मध्य प्रांतात मालगुजारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बंदोबस्तांत मध्य प्रांताने एक हुशारीची विभागणी केली. मौजाच्या शिवेची अचूक मोजणी सर्वेक्षण खात्याच्या माणसांनी करायची आणि आतले शेतनिहाय काम शिकवून तयार केलेल्या पटवाऱ्यांनी. पुन्हा पूर्णाकडून भागाकडे. लॅम्बटनचा नियम असा गावच्या धुऱ्यापर्यंत उतरला.

पटवारी काय शिकत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडे साखळी होती ६६ फुटांची, शंभर कड्यांची. मौजा नकाशा मैलाला सोळा इंच या मापाचा. मैलात ८० साखळ्या, म्हणून नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर पाच साखळ्या, ३३० फूट. नकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे २५ चौरस साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर, म्हणून बरोबर अडीच एकर. हे गणित पाठ असलेल्या पटवाऱ्याला नकाशावर नुसता अंगठा टेकवून शेताचा अंदाज सांगता यायचा. पाच एकराचा खसरा म्हणजे दोन चौरस इंच. नकाशाचे प्रमाण त्याच्या बोटांत मुरलेले होते. आज पडद्यावर दोन बोटांनी नकाशा लहानमोठा करणाऱ्या मुलाला ‘तू आत्ता कोणत्या प्रमाणावर पाहतो आहेस?’ असे विचारून बघावे. बहुधा उत्तर येत नाही. प्रमाण ही गोष्ट पडद्याने डोळ्यांआड केली आहे.

पण पटवाऱ्याचे शिक्षण कितीही पक्के असले, तरी ते नोकरीचे शिक्षण होते. नकाशा दप्तरात बांधलेला. ज्याचे शेत, त्याने तो क्वचितच उलगडून पाहिलेला. गावाची मोजणी गावावर होत होती, गाव ती करत नव्हते. या ठिकाणी वर्ध्याच्या मातीतून एक वेगळी वाट फुटली आणि माझ्या मते या साऱ्या मागोव्यातले ते सर्वांत मोठे वळण आहे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी दीड वर्षापूर्वीच शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम आणि आशादेवी होते. त्यांनी नई तालीमचा, म्हणजे बुनियादी शिक्षणाचा, सात वर्षांचा जो अभ्यासक्रम आखला, तो लोकांच्या लक्षात राहिला टकळी-चरख्यामुळे. शाळेने हाताचे काम मध्यभागी ठेवावे की नाही, यावरच वर्षानुवर्षे वाद झाला. त्या धुरळ्यात समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातला एक भाग झाकला गेला, तो म्हणजे नकाशाचे वाचन आणि नकाशा काढणे.

समितीने त्यात काय मागितले होते? पृथ्वी गोल आहे ही समज. आपल्या परिसराचे नकाशे मुलांनी स्वतः काढणे. चित्रनकाशे आणि आराखडे. नकाशातल्या रूढ खुणांचा अभ्यास. नकाशासंग्रह आणि त्याची सूची वापरणे. त्याच्याच शेजारी हवामानाची निरीक्षणे: वाऱ्याची दिशा, पाऊस, तापमान, आणि ती नोंदवायची साधी साधने. शेत आणि कारखान्यांना प्रत्यक्ष भेटी. नीट पाहिले तर आजच्या भूमाहिती विज्ञानाच्या पहिल्या सत्रात जे असते, ते जवळपास सारे यात आहे: स्थान, प्रमाण, खुणा, जागेवरची नोंद, आणि एका नोंदीवर दुसरी ठेवून बघणे. शिवाय ते सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि साधन म्हणून कागद, दोरी आणि पाय यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

क्रमही विचार करून लावलेला होता. आधी घरचा परिसर, मग देश, मग जग. कापूस पिंजणाऱ्या मुलाला वर्ध्यात हा प्रवास आपोआप सापडतो. जिल्ह्याची काळी माती, हिंगणघाटचा नावाजलेला कापूस, त्याच्यासाठी आलेली रेल्वे, तिथून मुंबई, तिथून पलीकडे. हातातल्या पेळूपासून नकाशाची रेघ सुरू होते. नई तालीमची ही ताकद मला पटते, कारण नकाशा तिथे पाठ करायची वस्तू राहत नाही. मूल नकाशातल्या जागेला पायांनी ओळखते आणि मग कागदावर खूण करते. पटवाऱ्याच्या दप्तरातून नकाशा पहिल्यांदा गावच्या पोराच्या हातात आला, तोही काढण्यासाठी.

या पद्धतीत सगळे गोड होते असे म्हणणे खोटे ठरेल. असा नकाशा शिकवायला शिक्षकाला स्वतःला मोजता यावे लागते, वर्ग बाहेर न्यावा लागतो, वेळ लागतो. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण सरकारी धोरण झाले आणि बहुतेक ठिकाणी त्यातले सूत उरले, शिवार गळले. पुढे तेही गेले. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा त्या वाटेने चालते आहे, ही समाधानाची गोष्ट. पण जिल्ह्यातल्या बाकी शाळांत नकाशाचे काय झाले?

तिथे एक चांगली गोष्ट टिकली आणि एक वाईट रुजली. चांगली ही की महाराष्ट्रात तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे असते. वर्ध्याच्या मुलाला पहिला नकाशा भेटतो तो वर्धा जिल्ह्याचा. घरापासून बाहेर जाणारा क्रम त्यात जिवंत आहे. वाईट गोष्ट दहावीत दिसते. भूगोलाच्या परीक्षेत नकाशाचे स्टेन्सिल वापरायला परवानगी आहे. मुलगा प्लास्टिकच्या पट्टीतून देशाची कड आखतो, पाठ केलेल्या जागी ठिपका देतो, सूची लिहितो आणि गुण मिळवतो. दिशा, प्रमाण, अंतर यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही. स्टेन्सिल हे त्या मुलाचे पहिले सॉफ्टवेअर आहे. नकाशा आपण काढत नाही, तो साच्यातून निघतो, ही समजूत तिथेच पक्की होते. संगणकाच्या वर्गात ती फक्त महाग होते.

शाळेबाहेर मात्र ती जुनी वाट पुन्हा उमलत राहिली. १९८० नंतर ग्रामीण विकासाच्या कामात लोकसहभागाच्या पद्धती आल्या. चावडीपुढच्या जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, विहिरीला खडा, झाडाला पान, घरांना बिया. शिवारफेरी काढायची. प्रमाण त्यात नसते, पण कुणाचे घर पाण्यापासून किती लांब, हे बायका ज्या खात्रीने दाखवतात ते कोणत्याही छापील नकाशात सापडत नाही.

मग आला २०१७ चा उन्हाळा. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत त्या वर्षी आर्वी तालुका होता, आणि राज्यात पहिला क्रमांक मिळवला आर्वीच्याच काकडदऱ्याने. डोंगरउतारावरचे हे छोटे आदिवासी गाव. पंचेचाळीस दिवसांचे श्रमदान, बक्षीस, सत्कार, हे सारे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. मला त्या स्पर्धेतले प्रशिक्षण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण समपातळी रेषा ही नकाशाशास्त्रातली अवघड कल्पना त्यात गावोगावच्या शेतकऱ्यांना आणि बायकांना शिकवली गेली, तीही एका नळीने.

त्या साधनाला प्रशिक्षणात हायड्रोमार्कर म्हणत. दोन सारख्या काठ्या, त्यांवर मापाच्या खुणा, आणि दोन्हींना बांधलेली पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी. एकाने पहिली काठी उतारावर रोवून धरायची. दुसऱ्याने आपली काठी घेऊन पुढे जायचे आणि दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकायचे. पाणी जुळले की दोन्ही जागा एकाच उंचीवर. तिथे फक्की टाकायची. मग पहिल्याने पुढे जायचे. तासाभराने मागे वळून पाहिले की डोंगराच्या अंगावर फक्कीची एक वळणदार रेघ उमटलेली असते. तीच समपातळी रेषा. तिच्यावर सलग समतल चर खोदला की पाणी कुठेच धावत नाही, जागच्या जागी मुरते. रेघ चुकली तर चर नाला होतो आणि पहिल्याच पावसात माती घेऊन जातो.

ही रेघ अंगमेहनतीने आखलेल्या बाईला सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा दाखवावा. त्यातल्या तपकिरी रेषा तिला परक्या राहत नाहीत. दोन रेषा एकमेकींना का छेदत नाहीत, ते तिला ठाऊक असते. एका जागेला दोन उंच्या नसतात. रेषा दाटल्या तिथे चढ आहे, कारण तिथे सरकायला कमी पावले लागली होती. उंचीच्या माहितीवरून सॉफ्टवेअर हेच काम एका बटणात करते, आणि सगळ्या पाणलोटाचे करते, जे नळीला कधीच जमणार नाही. म्हणूनच दोन्ही हवे. पण बटणापाशी बसलेल्याला ती रेषा कशाची आहे हे कळत नसेल, तर पडद्यावर चुकीची रेषा आली तरी तो ती छापून देईल.

आता पडदा सगळीकडे आहे. नागपूरला मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही नागपुरातच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि शेतकरी धुऱ्यावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकू लागला. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली गेली. भूकरमापकाच्या हातात शंकू-साखळीऐवजी उपग्रहांच्या मदतीने जागा टिपणारा रोव्हर आहे. नकाशाची अशी गरज या जिल्ह्याला पूर्वी कधीच नव्हती, आणि शिकवणी मात्र ‘इथे क्लिक करा, मग इथे’ एवढ्यावर आली आहे. आवृत्ती बदलली, बटण हलले, की शिकलेले वाया.

सुरुवातीच्या त्या यादीकडे परत जाऊ, कारण धोका कुठे आहे तो तिथे उघड दिसतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर आहेत, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. एकाचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून दुसऱ्यावर ठेवले, तर आपल्या भागात जागा शंभर-दीडशे मीटर सरकते. पाच एकराच्या चौकोनी शेताची बाजू साधारण १४२ मीटर भरते. म्हणजे यादीत चुकीच्या ओळीवर बोट पडले, तर तुमचे अख्खे शेत शेजाऱ्याच्या शेतावर जाऊन बसते. सॉफ्टवेअर त्याबद्दल तक्रार करेलच असे नाही. त्याच्या लेखी दोन्ही आकडे खरेच असतात. पृथ्वीचा आकार मानून घ्यावा लागतो, आणि तो वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा मानला, ही एक गोष्ट ज्याला कळली तो कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ही चूक पकडेल. ज्याला बटणे पाठ आहेत तो पकडणार नाही.

तेव्हा वर्ध्यातल्या शिक्षकांना एक मागणे आहे. जूनअखेर शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वर्ग आवारात काढा. पावलांनी शाळा मोजा, मग दोरीने मोजा, आणि दोन्हींतला फरक मुलांनाच काढू द्या. एक सेंटिमीटरला दोन मीटर धरून आराखडा काढा. काठीच्या सकाळच्या आणि दुपारनंतरच्या सारख्या लांबीच्या सावल्यांची टोके जोडून पूर्व-पश्चिम रेघ काढा आणि तिच्यावरून उत्तर दिशा ठरवा. पाऊस पडला की आवारातले पाणी कुठून कुठे गेले ते त्याच कागदावर दाखवा. शक्य असेल तर नळी आणि दोन काठ्या घेऊन एक समपातळी रेघ फक्कीने आखा. हे सारे झाले की मगच मोबाइलवर शाळेचे उपग्रहचित्र उघडा आणि मुलांना त्यातल्या चुका शोधायला सांगा. त्यांना त्या सापडतील.